कुंभार्ली घाट, मामा आणि गिअर लिव्हरवरचा एस

गाडी घेऊन दीड वर्ष झालं होतं आणि स्पोर्ट मोड नक्की काय करतो हे मला गेल्या दिवाळीत कळलं, तेही मामांना चिपळूणला सोडायला जाताना. गाडी सेकंड हँड आहे, बीएमडब्ल्यू ३३०आय, पेट्रोल, ऑटोमॅटिक. ज्यांच्याकडून घेतली तिथल्या सेल्समनने डिलिव्हरीच्या दिवशी सांगितलं होतं की स्पोर्ट दाबलं की गाडीची ताकद वाढते, आणि मी तेवढंच डोक्यात धरून बसलो होतो. म्हणजे एक्सप्रेसवेला मोकळा रस्ता दिसला की दाबायचं, आवाज ऐकायचा, परत बंद करायचं.

मामा एसटीत ड्रायव्हर होते, चिपळूण डेपोला, आणि नोकरीची बरीचशी वर्षं त्यांनी चिपळूण ते कराड याच रस्त्यावर काढली. त्यामुळे कुंभार्ली घाट त्यांना वळणावळणाने पाठ आहे. आम्ही उंब्रजवरून आत वळलो, पाटण मागे टाकलं, हेळवाकला चहा घेतला आणि घाट उतरायला लागलो. मायलेजसाठी गाडी इको प्रोवर होती. मी आपला प्रत्येक वळणाला ब्रेक, वळण संपलं की सोड, पुढच्या वळणाला परत ब्रेक. अर्ध्यावर आलो असू, मामांनी काच खाली केली, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, "बाजूला घे जरा. ब्रेकचे लायनर तापलेत तुझे."

उतरलो तर खरंच पुढच्या चाकांतून तो जळका वास येत होता. मामांनी विचारलं, "कितव्या गिअरात उतरवतोयस?" मी म्हटलं, मामा ऑटोमॅटिक आहे, तीच घेते. तर म्हणाले, "ती घेते ते ठीक आहे रे, पण घेते कितवा? मला तर इंजिनाचा आवाजच येत नाहीये, न्यूट्रल मारून उतरल्यासारखं वाटतंय."

हे वाक्य मला लागलं, कारण आरपीएमचा काटा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा, खरंच हजार-बाराशेवर लोळत होता. एसटीत पहिल्या दिवसापासून शिकवतात की ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा. माझी गाडी चाळीसच्या स्पीडला पाचव्या गिअरात जाऊन बसली होती, त्यात इंजिन गाडीला धरणार तरी कसं, सगळा भार ब्रेकवर.

ब्रेक गार होईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं थांबलो. निघताना मी गिअर लिव्हर डीवरून, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हवरून, डावीकडे ढकलला, डिस्प्लेवर एस आलं, म्हणजे स्पोर्ट. पहिल्या वळणाला ब्रेक दाबला आणि गाडीने स्वतःहून गिअर खाली घेतला, घेताना इंजिनाला हलकीशी रेस दिली म्हणजे झटका बसला नाही, काटा दोन हजारांच्या वर गेला आणि तिथेच राहिला. ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी पळाली नाही, इंजिनावर धरलेली राहिली. पुढच्या वळणाला तसंच. पोफळीपर्यंत मी ब्रेक किती कमी वापरले याचं मलाच नवल वाटलं. मामा म्हणाले, "हां, आता तिसरा पडलाय." मी स्टिअरिंगमागचं गिअर बदलायचं पॅडल दाबून मॅन्युअलवर घेऊन बघितलं, एम३ आलं. फक्त आवाजावर ओळखलं त्यांनी.

घरी आल्यावर मग नीट वाचून काढलं आणि पुढचे दोन महिने गाडीवर एकेक गोष्ट करून बघितली. ताकद वाढते हे खोटं आहे. इंजिन तेच, २५८ हॉर्सपॉवर तेवढेच, ४०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, तेवढाच. बदलतं ते गिअरबॉक्सचं डोकं. डीमध्ये त्याचा सगळा कल पेट्रोल वाचवण्याकडे, म्हणून जमेल तेवढ्या लवकर वरचा गिअर. एसमध्ये त्याचा कल इंजिन जागं ठेवण्याकडे, म्हणून वरचा गिअर उशिरा आणि खालचा लवकर.

या इंजिनाचा पूर्ण टॉर्क १५५० ते ४४०० आरपीएमच्या मध्ये मिळतो. आता डीमध्ये ऐंशीने निवांत चाललोय तर गाडी आठव्यात असते आणि काटा बाराशेच्या आसपास, म्हणजे त्या पट्ट्याच्याही खाली, टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, झोपलेला. अशा वेळी पाटणच्या अलीकडे उसाचा ट्रॅक्टर पुढे आला, समोरून रस्ता मोकळा दिसला आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की आधी गिअरबॉक्स विचार करणार, तीन-चार गिअर खाली येणार, मग टर्बो भरणार, मग गाडी उचलणार. सेकंद-दीड सेकंद तरी जातो, आणि ओव्हरटेक करताना तेवढा वेळ फार मोठा असतो, समोरचा ट्रक तेवढ्यात बराच जवळ येतो. तेच एसमध्ये गाडी त्याच ऐंशीला चौथ्या-पाचव्यात असते, काटा अडीच-तीन हजारांवर. पाय दाबला की लगेच पिकअप. म्हणून मी आता ट्रॅक्टरच्या मागे असतानाच, रस्ता मोकळा व्हायच्या आधीच, लिव्हर डावीकडे घेतो, ओव्हरटेक झालं की परत डी.

हा गिअरबॉक्स बीएमडब्ल्यू स्वतः बनवत नाही, तो झेडएफचा आहे, आणि त्या कंपनीची गोष्ट मला फार आवडली. १९१५ मध्ये जर्मनीत, फ्रीडरिशहाफेन गावात, झेपेलिनच्या हवाई जहाजांना लागणारी दातेरी चाकं बनवायला ती निघाली, नावाचा अर्थच दातेरी चाकांचा कारखाना. हा आठ गिअरचा बॉक्स २००९ ला पहिल्यांदा बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये आला. आत चार प्लॅनेटरी सेट, म्हणजे मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांचे संच, आणि गिअर धरायला-सोडायला फक्त पाच क्लच-ब्रेक, त्यातले कुठल्याही गिअरात तीन धरलेले आणि दोनच सुटे. सुटे कमी म्हणजे घासत फिरणारं कमी, ताकद वाया जाणंही कमी. बऱ्याच लोकांना वाटतं की इतका झटपट गिअर पडतो म्हणजे ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचवाला, असणार, तसं नाहीये, हा साधा टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून पुढे देणारा, आहे, फक्त निघताना सोडलं तर बहुतेक वेळ कन्व्हर्टर लॉक असतो म्हणून मॅन्युअलसारखा घट्ट वाटतो.

अजून एक गोष्ट, जी मला मामांना समजावून सांगताना खूप आनंद झाला. उतारावर गाडी गिअरात असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल द्यायचं बंद करतात. पूर्ण बंद. चाकंच इंजिनाला फिरवत असतात आणि हवेची वाट जवळजवळ बंद असल्यामुळे इंजिनाला हवा ओढायला जोर लागतो, तोच जोर गाडीला मागे खेचतो. म्हणजे एसमध्ये काटा तीन हजारांवर दिसला तरी त्या क्षणी पेट्रोल शून्य जळतंय. उलट इको प्रोमध्ये पन्नासच्या वर पाय सोडला तर गाडी इंजिन सोडवून घेते आणि नुसती घरंगळते, सपाट हायवेला ते छान आहे, पण घाटात नको. मामा म्हणाले डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून घाट उतरणारे त्यांनी खूप बघितले, आणि त्यातले काही दरीत गेलेलेही बघितले. यावर ते जास्त बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

आता गोंधळ कुठे होतो तर गाडीत स्पोर्ट दोन ठिकाणी आहे. लिव्हर डावीकडे ढकलला की फक्त गिअरबॉक्स एसमध्ये जातो. लिव्हरच्या बाजूला जे स्पोर्टचं बटण आहे त्याने ॲक्सिलरेटर जास्त तिखट होतो, स्टिअरिंग जड होतं, आवाज वाढतो, म्हणजे पूर्ण गाडीचाच स्वभाव बदलतो. मी दीड वर्ष बटणच दाबत होतो आणि लिव्हरला हात लावला नव्हता. घाटासाठी मला जमलेलं गणित असं की बटण कम्फर्टवर आणि लिव्हर एसवर. गिअर खालचे मिळतात पण ॲक्सिलरेटर मऊ राहतो, मागे बसलेल्यांना उलटी होत नाही. आई मागे असेल तर हेच. पावसात तर हे पाळाच, कारण ही गाडी मागच्या चाकांवर चालते, इंजिनाचा ब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. ओल्या वळणात असताना पॅडलने दोन गिअर एकदम पाडले तर मागची बाजू हलू शकते, गिअर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच पाडून घ्यायचा.

शहरात एस अजिबात वापरू नका. मी एकदा सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये मुद्दाम अर्धा तास चालवून बघितली, दुसरा सोडायलाच तयार नाही, पाय थोडा हलला तरी गाडी हिसका देते आणि एरवी शहरात लिटरला दहाच्या आसपास मायलेज मिळतं ते सातवर आलं.

राहिला तेलाचा विषय, जो या सगळ्याला लागूनच आहे कारण घाटात सारखे गिअर बदलले की बॉक्समधलं तेल तापतं. बरेच जण सांगतात की ऑटोमॅटिकचं तेल आयुष्यभराचं असतं, हात लावायचा नाही. झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदला म्हणते, त्यातही जोरात चालवत असाल तर आधी. या बॉक्सचा फिल्टर खालच्या प्लास्टिकच्या पॅनमध्येच असतो, त्यामुळे पॅन अख्खा बदलावा लागतो, खर्च आहे. माझी ६१ हजार झालीये. मामांना विचारलं तर म्हणाले ८० ची वाट बघू नकोस, महिन्यातून दोनदा घाट करतोस, ७० ला घे बदलून. तसंच करणार आहे.