धनुष्यवाली अ‍ॅमेझॉन, लेव्हल २४: डुरिएलच्या खोलीपर्यंत

तीन आठवड्यांपूर्वी डायब्लो २ रिझरेक्टेड या राक्षस मारायच्या गेममध्ये नवी अ‍ॅमेझॉन (लढवय्या बाईचं पात्र) सुरू केली. या खेपेला फक्त धनुष्य. जॅव्हलिनवाली (फेकायच्या भाल्याची) जास्त दणकट होते हे मला ठाऊक आहे, समजवायला येऊ नका. गंमत अशी की गेम सुरुवातीला हातात जॅव्हलिन आणि ढालच देतो. थोडी नाणी जमल्याबरोबर ती विकली आणि छावणीतल्या लोहारीण चार्सीकडून धनुष्य घेतलं.

कौशल्यांचा पहिला पॉइंट मॅजिक अ‍ॅरोला, म्हणजे जादूच्या बाणाला. त्याला भात्यातले बाण लागत नाहीत, त्यामुळे सुरुवातीच्या कडकीत फार बरं पडतं.

स्मशानातल्या ब्लड रेव्हनने अपेक्षेपेक्षा जास्त दमवलं. तीही धनुर्धारीच, पहिल्या डायब्लोमधलं 'रोग' (धनुर्धारी बायांच्या पंथातली) हे पात्र ती हीच. ती जागेवर थांबतच नाही. तिच्यामागे मी, माझ्यामागे तिने उठवलेली मढी, अशी थडग्यांभोवती वरात निघाली होती. ती मेल्यावर त्या पंथाची सेनापती काश्या बक्षीस म्हणून सोबतीला एक रोग देते. आणि ती रोग पण धनुष्यवाली! म्हणजे दोघी मागे उभ्या आणि पुढे कुणीच नाही. एकेक राक्षस आरामात चालत येऊन आम्हाला बडवून जायचा.

तिथेच माझा बिल्डबद्दलचा (पॉइंट कुठे टाकायचे याचा) विचार बदलला. तोवर प्रत्येक पॉइंट 'बाण किती जोरात लागेल' याकडे जात होता. पण अ‍ॅमेझॉनला लेव्हलमागे २ लाइफ मिळतं, त्यात अंगावर घेऊन लढणं परवडत नाही. आपल्या आणि त्यांच्या मध्ये काय आहे, हा खरा प्रश्न. मठाच्या बराकींमध्ये म्हणून दारं धरून लढले. एका वेळी एक-दोघेच आत शिरतात, तोवर मल्टिपल शॉट (एकदम अनेक बाण) सुरू. लेव्हल ६ ला डॉजमध्येही एक पॉइंट टाकला. १८ टक्के का होईना, वार चुकतो.

पहिल्या अंकाची शेवटची राक्षसीण अँडॅरिएल, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अँटिडोट प्यायली, पळत पळत मारली. काश्याची पोरगी दोनदा मेली.

दुसऱ्या अंकाच्या शहरात, लुट घोलेनला, पोचल्यावर ग्रीझकडून प्रेअरवाला (आमचं लाइफ भरत राहणारा) भाडोत्री भालेकरी घेतला आणि खेळाचा रंगच पालटला. गडी पुढे जाऊन भिडतो, मी मागून भाता रिकामा करते. मल्टिपल शॉट आता ८ वर आहे, म्हणजे एका ओढीत ९ बाण. उघड्या वाळवंटात याच्यासारखं सुख नाही. मॅगट लेअर या किड्यांच्या अरुंद बिळात मात्र नऊपैकी सात भिंतीत. त्या बोळात भालेकरी पुढे अडकला की किडे त्याच्यावर आणि मी त्याच्या पाठीआडून गायडेड अ‍ॅरो (शत्रूला शोधत जाणारा बाण). हळू काम, पण एकदाही मेले नाही.

मधे दोन दिवस मागे, पहिल्या अंकात, जाऊन काउंटेस या राक्षसिणीचा मनोरा धुतला. नॉर्मलमध्ये (सर्वांत सोप्या पातळीत) ती खास रून (शस्त्रात बसवायचे जादूचे दगड) देते ते रालपर्यंतच, आणि मला हवा होता ऑर्ट. तीन राल होराड्रिक क्यूब या जादूच्या पेटीत घातले की एक ऑर्ट मिळतो. एथ आधीच होता. दोन सॉकेटचं (रून बसवायच्या खाचांचं) साधं धनुष्य घेऊन ऑर्ट-एथ, याच क्रमाने बसवले आणि तयार झालं झेफर. बाणाचा मार ३३ टक्के वाढतो ते ठीकच, पण खरी मजा हल्ल्याच्या आणि धावण्याच्या २५-२५ टक्के वेगात आहे. धनुष्यवालीला पाय लागतात हो!

आणि मग दुसऱ्या अंकाचा शेवटचा राक्षस, डुरिएल. ताल राशाच्या थडग्यात त्याची ती इवलीशी खोली: दार नाही, कोपरा नाही, पळायला जागा नाही. वर त्याचा होली फ्रीझ (गारठवून मंद करणारी जादू), म्हणजे झेफरचे पाय गेले वाऱ्यावर. (हॉस्टेलच्या जुन्या कॉम्प्युटरवर तर खोली दिसेपर्यंत निम्मं लाइफ गेलेलं असायचं.) लेव्हल २२ ला तीनदा मेले. भालेकरी दोन फटक्यांत आडवा, नंतर मी. धनुष्यासकट प्रेत आत पडलेलं. सेव्ह करून बाहेर पडले आणि पुन्हा सुरू केल्यावर ते गावात मिळालं, नाहीतर रिकाम्या हाताने आत जायची वेळ होती.

शेवटी हट्ट सोडला आणि इतर थडग्यांमध्ये फिरून दोन लेव्हल कमावल्या. २४ ला माझ्यापुढे दोन रस्ते होते, स्ट्रेफ (आपोआप अनेकांवर बाणांचा मारा) आणि डिकॉय (शत्रूला फसवणारी आपली प्रतिकृती). हात स्ट्रेफकडेच जात होता. डिकॉय घेतलं. त्याच्या आधी लागणाऱ्या स्लो मिसाइल्समध्ये पॉइंट होताच, म्हणून लगेच मिळालं. आत शिरताच समोरच्या भिंतीशी आपली प्रतिकृती उभी केली. डुरिएल तिच्यावर धावला. त्या खोलीत पहिल्यांदाच मला सलग आठ-दहा बाण सोडता आले. ती विरली की नवी, तोवर भालेकऱ्याला पोशन. पाचव्या डिकॉयला किडा पडला. भालेकरी जिवंत! पडलेल्या मालात माझ्या कामाचं काहीच नव्हतं.

आता तिसऱ्या अंकात, कुरास्टच्या गोदीवर आहे. टिर आणि ताल हे रून पिशवीत आहेत, आम्न मिळाला आणि तीन सॉकेटचं बरं धनुष्य सापडलं तर एज बनवीन. त्यात दुकानदारही १५ टक्के स्वस्त देतात. पण मग झेफरचा धावण्याचा वेग जाईल, आणि जंगलात ते बुटके फेटिश घोळक्याने अंगावर येतात. ज्यांनी त्या जंगलात एज वापरलंय त्यांनी सांगा, पाय जड वाटले का?