आबांचं रशियन घड्याळ लिलावात देताना

आबा गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली, तेव्हा एका रुमालात तीन गोष्टी बांधलेल्या सापडल्या: हवाई दलाचं डिस्चार्ज बुक, एक फोटो आणि 'गागारिनचं घड्याळ'. घरात त्याला हेच नाव होतं. लहानपणी शाळेतही आम्ही तसंच सांगायचो, की आमच्या वडिलांकडे अंतराळवीराचं घड्याळ आहे.

आबा मिग विमानांचे तंत्रज्ञ. १९६० च्या दशकात ते प्रशिक्षणाला सोव्हिएत संघात गेले होते, तिथून ते घड्याळ आलं. विकायचं आईनेच ठरवलं. घड्याळ एक आणि आम्ही भावंडं तीन. "ते रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्या लागल्या की चावी द्यायचे. तुमच्याकडे ते नुसतं पडून मरेल," असं ती म्हणाली.

आधी शहरातल्याच एका दुकानात दाखवलं होतं. तिथले गृहस्थ म्हणाले, डायल खराब झालीय, नवा रंग मारून देतो, दोन दिवसांनी या. मी जवळजवळ हो म्हणणार होते. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

मग मोती चौकाजवळच्या एका जुन्या घड्याळवाल्या काकांकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग भिंग माझ्या हातात दिलं. मशीनवर बारीक अक्षरांत '४-५५' असा ठसा होता. १९५५ सालची चौथी तिमाही. मॉस्कोचा पहिला घड्याळ कारखाना त्या काळात मशीनवर तिमाही आणि साल असं टाकायचा, हे मला नंतर समजलं.

डायलवर रशियन लिपीत 'श्तुर्मान्स्किये' लिहिलेलं आहे, म्हणजे विमानातल्या दिशादर्शकाचं. हे घड्याळ दुकानात विकायला नसे, हवाई दलातल्या लोकांनाच मिळे. १२ एप्रिल १९६१ ला यूरी गागारिन व्होस्तोक यानातून १०८ मिनिटांत अंतराळात जाऊन परत आले, तेव्हा त्यांच्या मनगटावर याच प्रकारचं घड्याळ होतं. काकांनी चावी बाहेर ओढून दाखवली. सेकंदकाटा जागच्या जागी थांबला. उड्डाणाआधी सगळ्यांची घड्याळं सेकंदाला सेकंद जुळवता यावीत म्हणून ही सोय. आबांच्या हातात इतकी वर्षं ते पाहिलं होतं, पण हे मला माहीत नव्हतं.

"पोरी, ह्याला पालिश नको, रंग नको. डाग हायत ते ऱ्हाऊ देत, त्यावरनंच ते खरं कळतंय," काका म्हणाले. काट्यांवरचा तपकिरी थर रेडियमचा, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्याचा आहे, हेही त्यांनीच सांगितलं. तो आता अंधारात चमकत नाही, कारण त्यातलं चमकणारं द्रव्य निकामी झालंय. रेडियम मात्र तिथंच आहे, ते निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. म्हणून काटे खरवडायचे नाहीत, झाकण उगाच उघडायचं नाही, उशाशी ठेवायचं नाही.

तेवढ्यात दादाला कुठून तरी समजलं की अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर वापरलेलं बुलोव्हा घड्याळ २०१५ मध्ये अमेरिकेत १६ लाख डॉलरच्या वर गेलं. झालं, घरात त्याच आकड्याची चर्चा. ते घड्याळ स्वतः चंद्रावर गेलेलं होतं आणि आपलं नाही, हे मी सांगितलं तर दादा रागावला.

मुंबईच्या लिलाववाल्यांना फोटो पाठवले. त्यांचे प्रश्न साधे होते: घड्याळ कुणाचं, कधी मिळालं, कसं मिळालं, आणि याला पुरावा काय? आम्हाला एकाचंही नीट उत्तर देता येईना. शेवटी ट्रंकेतला तो फोटो फ्रेममधून काढला. बर्फात उभे आबा, शेजारी एक रशियन प्रशिक्षक. मागे आबांचं तिरकं अक्षर: "माझं एचएमटी दिलं, त्याचं हे घेतलं. फेब्रुवारी १९६६." डिस्चार्ज बुकात प्रशिक्षणाच्या तारखा होत्याच, त्या जुळल्या.

"म्हणजे आबा खोटं सांगत होते?" दादाने विचारलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाही रे. ते 'गागारिनच्या घड्याळासारखं' म्हणायचे. 'सारखं' तुम्ही गाळलंत."

कॅटलॉगचा मसुदा आला, त्यात 'गागारिन' हे नाव मोठ्या अक्षरांत आणि बाकी सगळं खाली बारीक. दादाला ते आवडलं. मी दोनदा फोन करून शीर्षकातच 'गागारिन यांनी वापरलेल्या प्रकारचं' असं करून घेतलं. किंमत कमी येईल, असं सुचवलं गेलं. येऊ दे, म्हटलं.

बाकीचं भराभर झालं. वारसांची संमती स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतली. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, त्यात हे बसत नाही, म्हणून तिथं नोंदणी लागली नाही. करारात तीन गोष्टी मी पुन्हा पुन्हा वाचल्या: राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली ते विकणार नाहीत, आपल्याकडून कापलं जाणारं कमिशन आणि त्यावरचा जीएसटी, आणि ऐनवेळी वस्तू मागे घेतली तर लागणारा दंड. ही तिसरी अट शेवटच्या पानावर होती. घड्याळ कुरियरने न पाठवता मी स्वतः एसटीने नेलं, डब्यात कापूस घालून.

अडलं ते फोटोवर. मूळ फोटो घड्याळाबरोबर द्या, असं ते म्हणाले. आई म्हणाली, "घड्याळ न्या. फोटो नाही." शेवटी दोन्ही बाजूंची चांगली स्कॅन प्रत आणि माझं प्रतिज्ञापत्र यावर भागलं.

लिलाव ऑनलाइन होता. राखीव किमतीपाशी बराच वेळ अडकलं, मग शेवटच्या मिनिटांत दोघांनी चढवत नेलं. आकडा सांगत नाही, तसं भावंडांत ठरलंय. दादाने मनात धरलेल्या आकड्याच्या जवळपासही नव्हता, पण राखीव किमतीच्या बराच वर होता. पैसे कमिशन वजा होऊन दीड महिन्याने आले. आईचा धरून चार वाटे केले.

नंतर घेणाऱ्याने लिलाववाल्यांमार्फत एकच गोष्ट विचारली: फोटोतल्या प्रशिक्षकाचं नाव काय? आईने फोटो पुन्हा काढला, मागचं अक्षर खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. आबांनी नाव लिहिलेलं नाही. मी तसंच कळवलं.