तुम्ही विचारलंत म्हणून: माफ करायचं, तर मेमो कसा देता?

कॅन्टीनमध्ये विचारतात, नवीन लागलेली पोरं विचारतात, एकदा तर एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावरून विचारलं गेलं. "साहेब, तुम्हा ख्रिस्ती लोकांत सगळ्यांना माफ करायचं असतं ना? मग तुम्ही मेमो कसा देता?" विचारणाऱ्याच्या डोक्यात एका गालावर मारलं की दुसरा पुढे करायचा, एवढंच असतं. आणि मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत सत्तर माणसांचं मशिन शॉप सांभाळतो. म्हणजे याचं काहीतरी एक खोटं असणार, असा तो प्रश्न.

माझ्या कामात रोज लागतं ते वचन गालाचं नाही. ते बायबलात, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे. भावाने तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघंच असताना त्याला त्याची चूक सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घेऊन जा. तरीही नाही ऐकलं, तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या सगळ्या लोकांना, सांग. माफी नंतरची गोष्ट, आधी सांगायचं आहे. आणि सांगण्याचा क्रम ठरलेला आहे.

आपण कारखान्यात बरोबर उलटं करतो. आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो, मग सकाळच्या मीटिंगमध्ये नाव घेऊन उद्धार, आणि ज्याची चूक त्याला सगळ्यात शेवटी कळतं, तेही चहावाल्याकडून. माझ्याकडे कोणी कोणाची तक्रार घेऊन आला की माझा पहिला प्रश्न, "त्याला सांगितलंस?" दहातले आठ जण इथेच गप्प होतात. दोन शिफ्टचे इनचार्ज यामुळे माझ्यावर अजून नाराज आहेत. साहेब ऐकूनच घेत नाहीत म्हणे. असू दे.

हे मी जन्मतः शिकून आलो असं नाही. आमचे एक काका होते, सीएनसीवरचे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनवरचे, जुने ऑपरेटर, वयाने माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. एका सकाळी दोनशेच्या वर जॉब रिजेक्ट निघाले, बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा झालेला. रात्रीची शिफ्ट त्यांची. मी मशिनपाशीच उभा राहून त्यांना झापलं. सात-आठ जण ऐकत होते. "इतकी वर्षं झाली, मायक्रोमीटर बघता येत नाही का?" असं काहीतरी बोललो. शब्द नेमके आठवत नाहीत. त्यांना आठवत असतील.

ते शुक्रवारी. शनिवारी संध्याकाळी क्यूसीच्या, म्हणजे माल तपासणाऱ्या खात्यातल्या, मुलीने ड्रॉइंग टेबलावर ठेवलं. मशिनपाशी लावलेली प्रत जुन्या रिव्हिजनची होती. बदललेली प्रत माझ्याच ड्रॉवरमध्ये, माझ्याच सहीने पडून होती. काकांनी समोरच्या कागदाप्रमाणे जॉब अगदी बरोबर काढले होते.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. त्याआधी पाळक जे बोलावणं वाचतात त्यात आपल्या शेजाऱ्यांशी प्रेमाने राहणाऱ्यांनी जवळ यावं अशा अर्थाचे शब्द असतात. लहानपणापासून ऐकतोय, कान सरावलेत. त्या दिवशी मी बाकावरून उठलोच नाही. बायकोने कोपराने ढोसलं, मी मान हलवली. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. मी ते चर्चमध्ये मोठ्याने वाचलेलंही आहे, मेल्या.

सोमवारी काकांना केबिनमध्ये बोलवायचं ठरवलं होतं, अठराव्या अध्यायाप्रमाणे, दोघंच असताना. जिन्यात लक्षात आलं की ही पळवाट आहे. तो नियम त्याची चूक सांगायला जायचा आहे. इथे चूक माझी, आणि झापलं होतं सगळ्यांसमोर. म्हणून शिफ्ट बदलताना त्याच मशिनपाशी उभा राहिलो आणि सांगितलं, जॉब माझ्यामुळे गेले, काकांना बोललो ते चुकलं, माफ करा. कोणाच्या डोळ्यांत पाणीबिणी आलं नाही. काका खूप अवघडले. "राहू द्या साहेब, कूलंट संपत आलंय, तेवढं बघा," म्हणाले. पुढचे दोन महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि त्यांचं बरोबर होतं.

एक गोष्ट मात्र वरिष्ठ ख्रिस्ती लोकांना सांगावीशी वाटते. पौलाचं ते वाक्य आहे ना, चाकरांनो, तोंडदेखली चाकरी करू नका, ते आपल्या साहेब मंडळींना फार आवडतं. कलस्सैकरांस पत्र, तिसरा अध्याय. चौथ्या अध्यायाची सुरुवात धन्यांसाठी आहे: न्यायाने आणि समतेने वागवा, तुमचाही धनी स्वर्गात आहे. पान उलटायला कोणी तयार नसतं. मी नाशिकच्या शरणपूरचा. आफ्रिकेतल्या गुलामीतून सुटलेली मुलं मिशनने इथे आणून शिकवली होती. त्यातला जेकब वेनराइट आफ्रिका धुंडाळणाऱ्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात होता. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन साहेब वारले. पगार देणारं, हजेरी घेणारं कोणी उरलं नाही. तरी जेकब आणि त्याच्या सोबतची माणसं कित्येक महिने चालून त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत घेऊन आली. तोंडदेखलं कशाला म्हणतात, हे अशांना आपण काय शिकवणार?

येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्याबद्दलही विचारतात, नाशिककर म्हणून जरा जास्तच. संध्याकाळी पाचला आलेल्या मजुराला पहाटेपासून राबलेल्याइतकीच मजुरी. अंबडात असा पगार वाटला तर युनियन दुपारपर्यंत गेटवर. ओव्हरटाइमला दुप्पट द्यायचे तर द्यायचेच, त्यात दाखला आणायचा नाही. मी त्यात दुसरंच बघतो. त्या मालकाकडे कारभारी होता, पैसे त्यानेच वाटले. पण माणसं बघायला नाक्यावर मालक स्वतः गेला, दिवसातून पाच वेळा. द्राक्षांच्या गोडी छाटणीच्या दिवसांत दिंडोरीकडचे बागाईतदार मजूर मिळवायला किती फिरतात ते ज्याने पाहिलंय त्याला हे पटेल. मीही शॉपमध्ये दिवसातून पाच वेळा जातो. बाकी नेतृत्वबितृत्व मला कळत नाही.

आता मेमोचं. एक सेटर, म्हणजे मशिन लावून देणारा, गेजने माप न घेताच आकडे भरायचा. एकट्याला सांगितलं. मग क्यूसी आणि शिफ्ट इनचार्जना बसवून सांगितलं. मेमो तिसऱ्यांदा दिला, आणि चौथ्यांदा चौकशी होऊन तो गेला. वचनात पुढे आहे की मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला जकातदारासारखा, म्हणजे बाहेरच्यासारखा, समज. हे लिहिणारा मत्तय स्वतः जकातदार होता, आणि येशू त्याच्या घरी जेवायला बसला होता. त्यामुळे तिथे विषय संपला असं मला म्हणता येत नाही. सातपूरच्या एका युनिटमधून फोन आला तेव्हा मी जे घडलं ते सांगितलं, आणि हेही सांगितलं की सेटिंगला त्याच्यासारखा हात माझ्याकडे दुसरा नाही. त्यांनी घेतलं त्याला.

पपया नर्सरीच्या सिग्नलला तो सेटर कधीमधी शेजारी येऊन थांबतो. मी मान हलवतो. तो हेल्मेटची काच खाली करतो.