एका तलावाच्या अपिलासाठी नागपुरात तीन दिवस

भंडारा जिल्ह्यातल्या एका मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावाच्या पाण्यावरून १९३१ साली मालगुजार, म्हणजे गावचा सारा वसूल करून सरकारात भरणारा जमीनदार, आणि कास्तकार कोर्टात भांडले. त्या अपिलाचे कागद हुडकायला मी नागपूर गाठलं. पहिला दिवस माझ्याच चुकीनं वाया गेला. अर्जात ठसक्यात 'नागपूर हायकोर्ट, १९३१' असं लिहिलं होतं. दफ्तर सांभाळणाऱ्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, हायकोर्टच नव्हतं तेव्हा. कुठून सापडन?"

खरंच की! नागपूरचं हायकोर्ट जानेवारी १९३६ चं. त्याआधी मध्य प्रांताचं सगळ्यात वरचं कोर्ट ज्युडिशियल कमिशनरचं. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, मध्य प्रदेशाचं हायकोर्ट जबलपूरला बसलं आणि नागपूर मुंबई हायकोर्टाकडे आलं. तेव्हा घरून निघतानाच साल आणि कोर्ट पक्कं करा. सोपी वाट म्हणजे छापील निवाडे. ऑल इंडिया रिपोर्टर नागपूरचाच. त्याच्या जुन्या नागपूर खंडांत पक्षकारांची नावं मिळतात. दुसऱ्या दिवशी एका वकीलसाहेबांच्या कपाटात मला माझं अपील सापडलं.

तिसऱ्या दिवशी त्या अपिलाच्या कागदांचा बस्ता, म्हणजे फडक्यात बांधलेलं गाठोडं, सुटला. विटलेलं तांबडं फडकं, आत टाचण्या गंजून कागदात रुतलेल्या. (त्या ओढू नका, कागदच फाटतो. तिथल्या माणसाला सांगा.) निकाल इंग्रजीत, कोरडा. खरा ऐवज मागे होता: गावच्या वाजिब-उल-अर्जाचा (गावच्या वहिवाटी नोंदवलेल्या कागदाचा) उतारा, पाणी आधी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सोडायचं ते लिहिलेला. खाली एकाची मोडीतली सही, बाकीचे अंगठे. साक्षींचे कागद मात्र नव्हते. जुने कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट करायची सोय १९१७ च्या कायद्यातच आहे, त्यामुळे सगळं मिळेल या आशेवर जाऊ नका. महसुली बाजू जुन्या सचिवालयातल्या विदर्भ अभिलेखागारात धुंडाळा.

सोबत आधार कार्ड, विद्यापीठाचं पत्र, पेन्सिल आणि मास्क ठेवा. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आपण पक्षकार नसलो की नकलेच्या अर्जात कारण नीट लिहावं लागतं. 'संशोधन' एवढा एकच शब्द पुरत नाही. शनिवार टाळा आणि मे महिनाही, कोर्टाला सुट्टी आणि वर ते ऊन, बाप्पा! सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाऊनच आत शिरा, दुपारी उठावंसं वाटत नाही.

माझी नक्कल यायची आहे. मोडी वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर कळवा, त्या सहीतलं आडनाव मला अजून लागलेलं नाही.