आमची वाटचाल: एका घनमीटरात किती कंदील?

२०१२ च्या दिवाळीला डोंबिवलीतल्या राहत्या घराच्या गॅलरीत आम्ही पहिले चाळीस आकाशकंदील बनवले. बांबूच्या कामट्या, घोटीव कागद, खळ आणि खाली झिरमिळ्या. चार वर्षांत गॅलरीतून भाड्याच्या गाळ्यात आलो, सोबत आणखी सात जणी कामाला आल्या. कंदील चांगले होते, आसपासच्या दुकानांत खपत होते. त्या काळाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. धंद्याला वळण लागलं ते २०१६ मध्ये, एका बिलामुळे.

न्यू जर्सीतल्या एका महाराष्ट्र मंडळाने चोवीस कंदील मागवले. परदेशातली ती आमची पहिली ऑर्डर. एका खोक्यात चार, अशी सहा खोकी भरली. काट्यावर सगळी मिळून २७ किलो झाली. त्या हिशेबाने मंडळाला भाडं सांगितलं, पैसे आले, माल कुरियरच्या ताब्यात दिला. बिल आलं ३०६ किलोचं. छापताना चूक झाली असणार, असं समजून मी त्यांच्या कार्यालयात गेले. तिथल्या मुलाने खोक्याची मापं वाचून दाखवली आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. ७५ गुणिले ७५ गुणिले ४५ सेंमी, भागिले ५,०००. एका खोक्याचे ५०.६, तो आकडा पुढच्या अर्ध्या किलोवर नेऊन ५१ किलो. सहा खोक्यांचे ३०६.

हा नियम सगळीकडेच आहे. खरं वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन, यात जे जास्त त्याचं भाडं. कुरियरवाले सहसा ५,००० ने भागतात, विमानाच्या साध्या कार्गोला ६,००० ने भागतात. जहाजाने सुटा माल पाठवला तर एक घनमीटर किंवा एक टन, जे जास्त भरेल ते धरतात. लोखंडाच्या नट-बोल्टवाल्याला हे आयुष्यात कळलं नाही तरी चालेल. कंदील, टोपल्या, लॅम्पशेड, उशा असा हलका आणि फुगीर माल करणाऱ्याने मात्र पहिल्या दिवशी शिकावं. मंडळाची माणसं भली होती, पण सांगितलेल्या भाड्यावर पुन्हा पैसे मागायला माझी जीभ रेटली नाही. त्या दिवाळीचा सगळा नफा बिलात गेला.

मग आम्ही खोक्याच्या मागे लागलो. पातळ पुठ्ठा, घट्ट बसणारं खोकं, एकात एक कंदील घालायची खटपट. दोन-तीन महिने त्यातच गेले आणि हाती जेमतेम काही आलं. गोल फुगलेल्या वस्तूभोवती खोकं कितीही घट्ट केलं तरी आत हवाच जाणार. बदलायला हवा होता कंदील. इथून पुढे प्रत्येक कंदिलाच्या कागदी आराखड्यावर आम्ही रंगाच्याही आधी एक आकडा लिहू लागलो: घडी घातल्यावर जाडी किती.

घडीचा कंदील आम्ही काही शोधून काढला नाही, बाजारात तो होताच. पण आमची पहिली पंचवीस नगं घडीवर फाटली. कारण शोधायला एका छपाईवाल्याकडे गेलो, तेव्हा कागदाचा ग्रेन कळला. कागदातले तंतू एका दिशेने जास्त धावतात. त्यांना समांतर घडी घातली तर ती साफ बसते, आडवी घातली तर तडकते. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद तर आधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून रेघ पाडल्याशिवाय दुमडूच नये. पंचिंगचा डाय, म्हणजे कागद कापायचा साचा, नव्याने करून घेतला, शीट फिरवून ठेवलं, तेव्हा कुठे घडी धरली. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि पुठ्ठ्याच्या घडीच्या मखरांना मागणी वाढली, तेव्हा हेच शिक्षण कामाला आलं.

बांबूच्या कंदिलाचं काय करायचं, हा प्रश्न उरला. आमचे कामटीकाम करणारे काका म्हणाले, “दुमडलेला कंदील मी करणार नाही ताई, त्याला जीव नसतो.” त्यांना मी आग्रह केला नाही. पण चार-पाच महिन्यांनी त्यांनीच एक चौकट आणून टेबलावर ठेवली. कोपरे खळीने चिकटवण्याऐवजी सुती दोऱ्याने पिळा देऊन बांधले होते. हाताने दाबली की चौकट आडवी पडायची, ओढली की उभी राहायची. त्या गाठीला आम्ही अजून काकांची गाठ म्हणतो. माझ्या मते आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा शोध तोच.

आता पाकिटात आमच्या चौदा इंची कंदिलाची घडी ४५ बाय ३२ सेंमी आणि जाडी दोन सेंमी होते. वीस पाकिटांचं खोकं बाहेरून ४६ बाय ३३ बाय ४२ भरायचं. आकारमानाचं वजन १२.७५, म्हणजे बिलात १३ किलो. पूर्वी एकच उघडा कंदील ४० बाय ४० बाय ४५ च्या खोक्यात घातला असता तर त्याचेच साडेचौदा किलो झाले असते.

यानंतरची कमाई सेंटिमीटरची आहे आणि ती मला फार आवडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा अडकायची, म्हणून पिशवी काढून कागदी पट्टा लावला. वीस पाकिटं मिळून एक सेंमी खाली बसली. उंची ४१ झाली, वजन १२.४५, बिल साडेबाराचं. उलट खोकं ठासून भरलं आणि ३३ ची बाजू फुगून ३५ झाली तर तेच खोकं साडेतेरा किलोचं होतं, कारण मापाचं यंत्र फुगवटाही मोजतं. पुठ्ठ्याची खोकी करून घेताना आतलं माप आणि बाहेरचं माप वेगळं असतं हेही लक्षात ठेवावं. पाच प्लायच्या, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याच्या भिंतीच दोन्ही बाजू मिळून सेंटिमीटरभर खातात. आमच्या शेजारच्या गाळ्यातल्या ताई गोधड्यांची हवा काढून व्हॅक्युमच्या पिशव्यांत पाठवतात. गोधडीला ते उत्तम, कंदिलाचा मात्र चुरा होईल.

मोठा माल न्हावा शेवाहून जहाजाने जातो. एका घनमीटरात सोळा खोकी, म्हणजे ३२० कंदील. उघडे असते तर तेरा बसले असते. पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी बैठकीवर रचतानाही आधी सगळी खोकी एकाच दिशेने लावायचो, तेव्हा १२० बाय १०० सेंमीच्या पॅलेटवर एका थरात सहाच बसायची. तीन सरळ आणि चार आडवी लावली की सात बसतात. हे आमच्या सुलभाताईंनी जमिनीवर खडूने आखून दाखवलं. लाकडी पॅलेटला उष्णता प्रक्रियेचा शिक्का लागतो आणि पॅलेटची उंचीही भाड्यात मोजली जाते, म्हणून छोटा माल आम्ही पॅलेटशिवायच पाठवतो.

जहाजात दमटपणाचा त्रास आहे. दमट पुठ्ठा नरम पडतो आणि खालचं खोकं दबतं, त्यामुळे सिलिका जेलच्या पुड्या आणि पाच प्लाय यांत आम्ही काटकसर करत नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातले हल्ले सुरू झाल्यावर युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. तेव्हापासून लंडनचा दिवाळीचा माल आम्ही जूनमध्येच काढतो. बल्ब आणि बॅटरी पाठवतच नाही. तिथल्या प्लगचं तिथेच बघितलेलं बरं.

गिऱ्हाइकाला कंदील स्वतः उभा करावा लागतो, त्यावर सुरुवातीला बऱ्याच तक्रारी आल्या. लिहिलेल्या सूचना कुणी वाचत नव्हतं. आता प्रत्येक कडेवर आकडा छापलेला असतो, एकला एक जोडायचा, दोनला दोन. गाळ्यासमोरच्या चौथीतल्या मुलाला जमल्याशिवाय नवा नमुना बाहेर जात नाही.

सध्या टेबलावर मंडळांच्या हॉलसाठीचा तीन फुटी कंदील आहे. त्याची घडी ६२ सेंमी येते आणि आमचं खोकं ४६ चं. काकांनी लांब कामटी मधोमध कापून सांध्यावर बारीक बांबूची नळी सरकवून पाहिली आहे. नळी अजून घसरते. सोमवारी ते दुसऱ्या जातीचा बांबू आणणार आहेत.