डोंगरावरचं तळं, खेप तिसरी: पाणी कुठल्या अंगाला सांडतं?

अजिंठा डोंगररांग, कन्नड तालुका, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. जाऊन-येऊन साडेअकरा किलोमीटर, चढ साधारण २८० मीटर, वेळ सव्वानऊ तास. त्यातले दोनच किलोमीटर बिनवाटेचे, पण साडेतीन तास त्यांनीच खाल्ले.

आधीच्या दोन खेपा थोडक्यात. जुलैत गवत कमरेच्या वर आणि धुकं, सोंडेवरूनच मागं फिरलो. मार्चमध्ये नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून चढलो, तर वर वीस-पंचवीस फुटांचा उभा कातळ. गौताळा अभयारण्यात परवानगीशिवाय असं आडरानात शिरता येत नाही, म्हणून हद्दीबाहेरची ही सोंड निवडलेली आहे.

या एका तळ्यासाठी एवढा अट्टहास का, तर ते पाणलोटाच्या रेषेवर आहे. या रांगेच्या दक्षिणेला पडलेला पाऊस शिवनेतून गोदावरीला जातो आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. उत्तरेला पडलेला गिरणेतून तापीला, म्हणजे अरबी समुद्राला. उपग्रहाच्या चित्रात तळं अगदी कड्याच्या काठावर दिसतं. मग भरल्यावर ते कुणाकडं सांडतं? नकाशावरच्या समोच्च रेषा एवढ्या बारीक जागेत काही सांगत नाहीत. तिथं जाऊनच बघायला हवं होतं.

सकाळी ६:२० ला वस्ती सोडली. कापसाच्या शेताकडेला शेरडं घेऊन एक आबा उभे होते.

"कुठं निघाला रं?"

"वरच्या तळ्याला, आबा. नाळेनं चढावं म्हणतो."

"नाळंनं नको. ढोरं ज्या अंगानं चढत्यात त्या अंगानं जा. ढोरू कड्याला जात नस्तंय, पाण्याला जातंय."

दिवसभराचं काम या एका वाक्यानं झालं. मी फोनवर आखून ठेवलेली वाटेची रेघ बंद केली आणि ढोरवाट धरली.

ढोरवाट वाचायला डोळा बसवावा लागतो. जुनं वाळलेलं शेण ही पहिली खूण. दुसरी खूण मला त्याच दिवशी कळली: तिवसाच्या खोडांवर मांडीच्या उंचीला साल घासून गुळगुळीत झालेली असते, गुरं अंग खाजवतात तिथं. घाणेरीच्या जाळीत तर वाट उभ्यानं दिसतच नाही. वर फांद्या एकमेकींत मिटलेल्या, खाली मात्र गुरांच्या उंचीचा बोगदा. गुडघे टेकून बघितलं की तो लांबवर उघडा दिसतो. अर्धा तास असाच वाकून चाललो. कोयता सॅकमधून काढावा लागला नाही, याचं फार समाधान आहे.

जाळी संपली की कुसळीचं गवत. कुसळाची शेपटी ओली झाली की पीळ सोडते आणि वाळली की पुन्हा पीळ घेते. टोक जमिनीत रुजावं म्हणून ही सोय, पण दवानं भिजलेल्या मोज्यातही ते तसंच आत शिरत जातं. जाड कापडाच्या पट्ट्या पोटरीला बांधल्या होत्या, तरी घोट्यापाशी वीसेक निघालीच. या दिवसांत जाणाऱ्यांनी लोकरी मोजे अजिबात घालू नयेत.

कड्याखाली दोन लाव्हाथरांमधली लाल मातीची पट्टी लागते. पाणी तिच्यातून सहज झिरपत नाही, तिच्या माथ्यावरून बाहेर येतं. म्हणून आजूबाजूला सगळं पिवळं पडलेलं असताना तेवढीच नेच्याची ओळ हिरवीगार होती. इथं घसारा आहे, जपून. ढोरवाट पट्टीला धरून आडवी जाते आणि कडा जिथं मोडलाय तिथून अलगद माथ्यावर चढवते.

११:५० ला तळं. साठ पावलं लांब, चाळीस रुंद. एका कडेला पाणकणीस, मध्ये टिबुकल्यांची जोडी. मला बघताच दोघी बुडाल्या आणि पार पलीकडं वर आल्या. टिटवीनं मात्र बराच वेळ डोकं उठवलं. मी दहा मिनिटं नुसता बसून राहिलो.

मग काठानं फेरी मारली. काठ दोन जागी खाली उतरतो, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. नजरेला उत्तरेचा उतार जास्त वाटला. खात्रीसाठी पारदर्शक बाटली अर्धी भरून दगडावर आडवी ठेवली आणि आतल्या पाण्याच्या रेषेवरून नजर लावली. उत्तरेचा काठ वीतभर उंच निघाला! दक्षिणेच्या काठावर कातळ धुतलेला, फटीत वाळलेल्या शेवाळाचे पापुद्रे, आणि गवत सगळं एकाच दिशेनं, खाली शिवनेकडं, झोपलेलं. म्हणजे हे पाणी गोदावरीवरच्या नाथसागरात, पैठणच्या जायकवाडी धरणात जातं. तिथून सत्तर पावलांवर उत्तरेचा कडा, आणि त्याच्यापलीकडं पडणारा थेंब दुसऱ्या समुद्राचा. त्या सत्तर पावलांत मी चार वेळा ये-जा केली.

उतरताना एक चूक झाली. ढोरवाट सोडून सोंडेवर सरळ उतरायला गेलो, घाणेरीत अडकलो, चाळीस मिनिटं गेली आणि शेवटी मागं चढून आलो. चार लिटरपैकी साडेतीन लिटर पाणी संपलं. ३:३५ ला वस्तीत. नोव्हेंबरात पावणेसहाला सूर्य बुडतो, तेव्हा माथ्यावरून एकच्या पुढं निघू नका.

पुढची खेप ऑगस्टमध्ये, चार दिवस लागून पाऊस झाल्यावर. दक्षिणेच्या काठावरून पाणी प्रत्यक्ष सांडताना बघायचं आहे. आणि आबांना सांगायचं आहे, वाट बरोबर निघाली.