रिलोड झालं म्हणे, एररच नाही आली

ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीचा सिक्युरिटी पॅच आलेला, पॅकेज अपडेट झालं आणि ज्युनियर म्हणाला सर, एनजिनएक्स (आमचा वेब सर्व्हर) रिलोड पण मारलं, काही एरर नाही. पण रिलोडमध्ये मास्टर प्रोसेस जुनीच राहते आणि रिक्वेस्ट हाताळणारे नवे वर्कर तिच्यातूनच फोर्क होतात, म्हणजे तिचीच कॉपी बनून निघतात, म्हणजे लायब्ररी पण जुनीच. कुठली प्रोसेस कुठली फाईल धरून आहे हे सांगणारी एलएसओएफ कमांड लावून दाखवलं, जुन्या फाईलपुढे 'डीईएल', म्हणजे डिलीटेड, लिहिलेलं आणि मास्टर ती धरून बसलेली.

मग तो लगेच रिस्टार्ट टाइप करायला लागला. म्हटलं थांब जरा, पीएस, म्हणजे चालू प्रोसेसची यादी, बघू. तर वर्कर कित्येक आठवड्यांपूर्वी सुरू झालेले! म्हणजे रिलोडसुद्धा झालंच नव्हतं. एरर लॉगमध्ये सरळ 'इमर्ज' (इमर्जन्सी पातळीची एरर) पडलेलं, एका बंद केलेल्या सबडोमेनचं सर्टिफिकेट सापडत नाही, फाईल कुणीतरी उडवली पण कॉन्फिगमधला ब्लॉक तसाच ठेवला. आमच्या सर्व्हिस फाईलमध्ये रिलोड म्हणजे नुसता हप सिग्नल (कॉन्फिग पुन्हा वाच असा प्रोसेसला इशारा), तो पोचला की सर्व्हिस सांभाळणारं सिस्टमडी खूश, आणि एनजिनएक्स खराब कॉन्फिग नाकारून जुन्यावरच गुपचूप चालू. त्यावेळी रिस्टार्ट केलं असतं तर स्टॉप झालं असतं, स्टार्ट झालंच नसतं, तेही भर ट्रॅफिकमध्ये.

ब्लॉक काढला, -टी, म्हणजे एनजिनएक्सची कॉन्फिग तपासणी, पास. मग मास्टरला यूएसआर2 सिग्नल दिला, नवी मास्टर नव्या लायब्ररीसकट शेजारीच उभी राहते, लिसनिंग सॉकेट, म्हणजे कनेक्शन घ्यायचं दार, जुनीकडूनच घेते, त्यामुळे पोर्ट क्षणभरही बंद होत नाही, दोघी मिळून रिक्वेस्ट घेतात (मला हा प्रकार फार आवडतो, पण वापरणारे कमीच भेटतात). मग जुनीला विंच सिग्नल, की तिचे वर्कर हातातलं काम संपवून जातात पण ती स्वतः थांबते, काही बिघडलं तर तिला हप देऊन मागे फिरता येतं. लॉगमध्ये पाचशेवाल्या, म्हणजे सर्व्हरच्या, एरर येतायत का बघत बसलो, नाही आल्या.

वर्कर मात्र जाईनात. वेबसॉकेट, म्हणजे सतत उघडं राहणारं कनेक्शन! उघड्या टॅबची कनेक्शन धरून 'शटिंग डाऊन' म्हणत लटकलेले, आणि तोवर जुनी लायब्ररी मेमरीत, म्हणजे पॅच अर्धवटच. वर्कर शटडाऊन टाइमआउट, म्हणजे किती वेळाने वर्करला जबरदस्तीने बंद करायचं ते, कुणी सेट केलेला नव्हता. शेवटी जुन्या मास्टरला सरळ टर्म, म्हणजे लगेच बंद हो असा सिग्नल, दिला, क्लायंट आपोआप रिकनेक्ट झाले. टाइमआउट कॉन्फिगमध्ये टाकला आणि सर्व्हिस फाईलमध्ये हपच्या आधी -टी घातलं, आता कॉन्फिग खराब असेल तर रिलोड तिथेच लाल होतं.